जुनी इलेक्ट्रॉनिक क्रोनोग्राफ घड्याळं : घेताना आणि विकताना
(मंडळाच्या हैदराबाद येथील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या दोन-तीन ओळींतून हसू ऐकू आलं. बंद पडलेल्या घड्याळांवर तासभर काय बोलणार, असं वाटणं साहजिक आहे. आम्ही चौघे गेली काही वर्षं महिन्यातल्या एका रविवारी मंडळाच्या वाचनालयात टेबल मांडून बसतो, हे तुम्हांला माहीत आहेच. लोक घरातली जुनी घड्याळं आणतात, आम्ही ती उघडून पाहतो, काय आहे ते सांगतो. पैसे घेत नाही. चौघांतला एक जण खरा कारागीर, बाकीचे तिघे नुसते हौशी. कारागिराला बोलायचा कंटाळा आणि हौशी लोकांना गप्प बसायचा, म्हणून आज आम्ही उभे आहोत.

या टेबलावर सगळ्यांत जास्त काय येतं? एचएमटी तर येतातच. इथे तयार झालेली ऑल्विन येतात. आपल्या शहरातल्या या कंपनीने जपानच्या सेइकोशी करार करून घड्याळं बनवली होती, हे तरुण मंडळींना सांगावं लागतं. पण आमचे डोळे लकाकतात ते तिसऱ्या प्रकाराला. आखातातून आलेली घड्याळं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत या शहरातून कितीतरी माणसं सौदी, कुवेत, दुबईला गेली. येताना टेपरेकॉर्डर, अत्तर, सिगारेटचा कार्टन आणि मनगटावर एक जपानी घड्याळ. आपल्याकडे परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध होते, टायटन १९८७ साली दुकानांत आलं, तोवर बाजार मुख्यतः एचएमटीचा. अशा दिवसांत तीन छोट्या तबकड्या आणि बाजूला बटणं असलेलं घड्याळ म्हणजे लग्नात लोक हात धरून बघायचे. ती घड्याळं आता कपाटात आहेत. घालणारे बरेचसे गेले. आणि ती कोणी मागायला आलं की घरातल्यांना काय उत्तर द्यावं ते कळत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. क्रोनोग्राफ आणि क्रोनोमीटर या दोन वेगळ्या गोष्टी. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेची परीक्षा पास झालेलं घड्याळ. क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता मोजूनही देणारं : एक बटण दाबलं की काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, दुसरं दाबलं की शून्यावर येतो. शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’, आणि सुरुवातीला ते खरोखर लिहायचं. १८२१ साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यतीत निकोला रिसेक या घड्याळजीने जे यंत्र वापरलं, ते तबकडीवर शाईचा ठिपका टाकत असे. कडेच्या रिंगणावर ४००, २००, १०० असे आकडे असतात, ते वेगासाठी. एका किलोमीटरच्या दगडाशी काटा सोडायचा, पुढच्या दगडाशी थांबवायचा. ३६ सेकंद लागले तर काटा १०० वर थांबतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. आपल्या मेहदीपट्टणमच्या रस्त्यावर काटा अख्खी फेरी मारून पुढे जातो, तिथे हे गणित चालत नाही.

आता ‘इलेक्ट्रॉनिक’. १९६० साली अमेरिकेच्या बुलोव्हा कंपनीचं अ‍ॅक्युट्रॉन आलं. त्यात टिकटिक करणारं चाक नव्हतं, सेलवर कंप पावणारा चिमटा होता. सेकंदाला ३६० कंपनं. कानाशी धरलं तर गुणगुणतं. याच जातीच्या स्विस यंत्रावर, ३०० कंपनांच्या, सत्तरच्या दशकात ओमेगाने स्पीडसॉनिक नावाचा क्रोनोग्राफ काढला. १९६९ च्या नाताळच्या दिवशी सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत साडेचार लाख येन, त्या काळच्या लहान मोटारीएवढी. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, हा आकडा पुढे ठरूनच गेला. विचित्र वाटतो, पण त्याला पंधरा वेळा दोनने भागा, बरोबर एक उरतो. तोच सेकंदाचा ठोका.

काट्यांचा क्रोनोग्राफ क्वार्ट्झवर चालवणं मात्र अवघड निघालं. म्हणून मधल्या काळात आकड्यांची घड्याळं आली. १९७५ मध्ये हॉयरचं क्रोनोस्प्लिट, ज्यात लाल दिव्यांचे आकडे आणि करड्या पडद्याचे आकडे दोन्ही एकाच घड्याळात; मग माँट्रियल ऑलिंपिकच्या, म्हणजे १९७६ च्या सुमारास ओमेगाचं क्रोनो-क्वार्ट्झ, डावीकडे काटे, उजवीकडे पडदा, मनगटावर छोटा दूरचित्रवाणी संच बांधल्यासारखं. दिसायला ही सगळी फार मजेशीर. पण आमच्या मते आपल्या घरांतलं खरं रत्न वेगळं आहे. १९८३ सालचं सेइकोचं ७ए२८.

हा एका यंत्राचा क्रमांक आहे. अनेक वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या घड्याळांत ते एकच यंत्र बसवलेलं असे. काट्यांचा जगातला पहिला क्वार्ट्झ क्रोनोग्राफ हाच. यात एका मोटरवर दातेरी चाकांचा गोतावळा ओढत न नेता चार स्वतंत्र छोट्या मोटरी घातल्या. आणि ज्याचं आमच्या कारागिराला सगळ्यांत कौतुक, ते म्हणजे हे यंत्र धातूचं आहे, आत १५ खडे आहेत आणि ते पूर्ण उघडून, धुऊन, तेल घालून पुन्हा जोडता येतं. नंतर अशी यंत्रं स्वस्त झाली, त्यांत प्लॅस्टिक शिरलं आणि ‘दुरुस्ती’ म्हणजे ‘यंत्रच बदला’ असं झालं. ब्रिटिश हवाई दलाने याच यंत्राचं एक घड्याळ वैमानिकांना दिलं. इटलीचे मोटारींचे आरेखक जुजारो यांनी आखलेलं एक रूप १९८६ च्या ‘एलियन्स’ चित्रपटात नायिकेच्या हातात आहे. त्यामुळे जगभर त्याचे वेडे निर्माण झाले. आपल्या कपाटात मात्र ते ‘बंद पडलेलं सेइको’ म्हणून पडलेलं असतं.

बंद पडलेलं का? हे ऐका, कारण आजच्या भाषणातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट कदाचित हीच.

गेल्या वर्षी काचीगुड्याच्या एक काकू आल्या. मंडळात हळदीकुंकवाला नेहमी असतात. काका दहा-बारा वर्षं दम्माममध्ये होते, जाऊन चार वर्षं झाली. घड्याळ रुमालात बांधलेलं. म्हणाल्या, “ह्यांनी शेवटपर्यंत घातलं. मी नवा सेल घालून आणला, तरी मोठा काटा हलत नाही. दुकानदार म्हणाला मशीन गेलं, पट्ट्यासकट तीनशे देतो. देऊन टाकू का?”

आम्ही पाहिलं. मागच्या झाकणावर ७ए२८. घड्याळ चालू होतं! या घड्याळात मधला लांब काटा सेकंदाचा नाहीच, तो मोजणीचा. बटण दाबल्याशिवाय तो जागचा हलणार नाही. चालू सेकंद एका छोट्या तबकडीत, आणि चाळिशी लागलेल्याला तो इवलासा काटा दिसतोच असं नाही. आमच्यातल्या एकाने वरचं बटण दाबलं, काटा पळायला लागला. काकू काही बोलल्या नाहीत. पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “हो, ते भाताला असं दाबायचे खरं. कुकर लावला की.”

दुकानदाराला हे माहीत नव्हतं की माहीत असून तो बोलला नाही, याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण त्या रविवारी काकू गेल्यावर आमच्या चौघांतच वाद झाला आणि तो आम्हांला इथे मांडायचा आहे, कारण खरेदी-विक्रीचा प्रश्न म्हणजे शेवटी तोच.

आमच्यातला एक जण स्वतः संग्रह करतो. त्याचं म्हणणं, “हे घड्याळ मला हवं होतं. मी पाच हजार दिले असते, त्यांना तीनशे मिळत होते. कोणाचं काय बिघडलं?” दुसऱ्याने विचारलं, “बाजारात त्याचे किती येतात?” तो म्हणाला, “चांगल्या अवस्थेत असेल तर दुप्पट-अडीचपट.” मग पहिल्याचं पुढचं म्हणणं असं की ही माहिती त्याने वीस वर्षं रात्री जागून, पैसे घालवून मिळवली, जुमेरात बाजारात बसणारा माणूस तरी दुसरं काय विकतो? माहितीच विकतो. आणि हा मुद्दा खोटा नाही. व्यापारी दुकानाचं भाडं भरतो, दहा घड्याळं घेतो त्यांतली चार मेलेली निघतात, विकलेल्याची हमी देतो. त्याने निम्म्या किमतीत घेतलं तर त्याला चोर म्हणू नये, असं आम्ही चौघेही मानतो.

पण टेबल वेगळं. टेबलावर माणूस विकायला येत नाही, विचारायला येतो. वैद्याने नाडी बघावी आणि त्याच दमात रोग्याच्या शेताचा भाव करावा, तसं ते होईल. रात्री साडेदहापर्यंत वाद चालला, वाचनालयाचा शिपाई दोनदा किल्ल्या वाजवून गेला. ठरलं ते असं : ज्या घड्याळाची किंमत आम्ही सांगू, ते आम्ही चौघांपैकी कोणीही विकत घ्यायचं नाही. वर्षभर नाही. संग्राहक मित्र दोन महिने आमच्याशी जेमतेम बोलला, पण नियम त्यानेही पाळला. काकूंना आम्ही तीन ठिकाणचे खरे व्यवहार दाखवले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला.

आता विकणाऱ्यांसाठी. जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे. ‘दुर्मिळ, अतिदुर्मिळ’ म्हणून लाखाला लावलेलं घड्याळ तिथेच तीन वर्षं पडून असतं. झालेले व्यवहार पाहा. विकण्याआधी घड्याळ चकचकीत करून घेऊ नका; हे आम्ही हात जोडून सांगतो. पॉलिशच्या चाकावर केसच्या कडा एकदा गोल झाल्या की त्या परत येत नाहीत, आणि जाणकार आधी कडाच बघतो. ओरखडे चालतात. मूळ पट्टा, निघालेल्या पट्ट्याच्या कड्या, डबी, दुकानाची पावती, आखातातल्या दुकानाचं हमीपत्र, सगळं सोबत ठेवा. अरबीत शिक्का मारलेला तो पिवळा कागद फेकू नका, त्यालाही दाम मिळतो. पुरातन वस्तूंच्या कायद्याची भीती काहींना वाटते. १९७२ चा तो कायदा साधारणपणे शंभर वर्षं जुन्या वस्तूंना लागतो. तुमच्या सासऱ्यांचं सेइको त्यात येत नाही.

घेणाऱ्यांना थोडं जास्त सांगायला हवं, कारण फसतात तेच.

जगभरच्या सेइकोप्रेमींत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग आहे. ऐकून अभिमान वाटायचं कारण नाही. जुनी तबकडी पुन्हा रंगवायची, नारिंगी, निळी, पोपटी, कंपनीने कधी न काढलेल्या रंगात. काटे तिसऱ्याच घड्याळाचे. आणि ‘न वापरलेलं’ म्हणून विकायचं. यात चोरबाजाराचं नाव निघालं तरी सगळा दोष तिथल्या कारागिरांवर टाकणं अन्याय होईल. पंचवीस वर्षांपूर्वी गिऱ्हाईक म्हणायचं, “तबकडी डागाळली, नवी दिसेल असं करून दे.” त्यांनी करून दिलं. लबाडी सुरू होते ती ते ‘मूळ’ म्हणून विकताना. ओळखायचं कसं? भिंग घ्या. मूळ छपाई बारीक आणि धारदार असते, रंगवलेली जाड आणि कडेला पसरलेली. तबकडीच्या तळाशी अगदी कडेला बारीक अक्षरांत क्रमांक असतो. त्याची पहिली चार अक्षरं, मागच्या झाकणावरची पहिली चार आणि आतल्या यंत्रावरची, तिन्ही जुळायला हवीत. ७ए२८ असेल तर तिन्हीकडे ७ए२८. नुसतं झाकण बदलणं हे दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून झाकण उघडून दाखवायला जो कुरकुरतो त्याच्याकडून घेऊ नका. हवाई दलाचे क्रमांक कोरलेलं झाकण दिसलं तर दुप्पट संशय घ्या. कोरणारे आपल्याकडेही आहेत.

झाकणावर सहा आकडी अनुक्रमांकही असतो. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ४५ ने सुरू होणारा म्हणजे मे १९८४. किंवा मे १९९४. ते दशक मॉडेलवरून ठरवायचं. दम्मामच्या काकांचं घड्याळ नोव्हेंबरचं निघालं. महिन्याच्या जागी एन होता.

मग चालवून बघा. सुरू, बंद, शून्य. काटे शून्यावर नीट येत नसतील तर घाबरू नका. चावी बाहेर ओढून बटणं दाबत एकेक काटा जागेवर आणता येतो, आणि एवढ्यासाठी ‘बिघडलेलं’ म्हणून स्वस्तात विकलेली घड्याळं आम्ही पाहिली आहेत. बटण अडकत असेल तर बहुधा घामाचा मळ. सेकंदाचा काटा दोन-दोन सेकंदांची उडी मारत असेल तर त्या काळच्या बऱ्याच क्वार्ट्झ घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण आहे. हे सगळं बरं होतं. न होणारं एकच, कॉइल. केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचं ते वेटोळं. सेलमधून पाझरलेल्या क्षाराने ती तार एकदा खाल्ली की मीटर लावल्यावर काही दाखवत नाही. चारमिनारजवळ आमचे एक उस्ताद बसतात, ते अशा वेळी भिंग डोळ्यावरून काढतात आणि एवढंच म्हणतात, “कॉइल गया, साहब. दूसरी घड़ी लाओ.” म्हणजे सुट्टे भाग आता बनत नाहीत, एक मारून दुसरं जगवायचं. म्हणून ७ए२८ चं मेलेलं घड्याळसुद्धा फुकट देऊ नका. त्यात चार मोटरी आहेत, एखादी चांगली असतेच.

आकड्यांच्या घड्याळांचं दुखणं निराळं. पडद्यावर काळा डाग पसरत असेल तर तो पडदा फुटला, इलाज नाही. आकडे नुसते फिके असतील तर वरची पट्टी बदलून बघता येते. एखादी दांडीच उमटत नसेल तर पुष्कळदा पडदा आणि यंत्र यांच्यामध्ये असलेली रबराची पट्टी मळलेली असते. स्पिरिटने पुसली की आकडा पुरा होतो. आणि मंडळी, कॅसिओचं साधं काळं एफ-९१डब्ल्यू घेऊन आमच्याकडे किंमत विचारायला येऊ नका. फार चांगलं घड्याळ आहे, १९८९ पासून बनतंय, आजही दुकानात नवं मिळतं. वापरा.

अ‍ॅक्युट्रॉन कोणाकडे असेल तर वेगळी काळजी. त्याचं यंत्र १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी होतं, तो आता मिळत नाही. आजचा सेल १.५५ चा. तो तसाच घातला तर घड्याळ बेफाम पुढे पळू शकतं. जाणकाराकडूनच घालून घ्या.

काकूंच्या घड्याळाचं काय झालं, असं इथे पहिल्या ओळीतून विचारताहेत. सांगतो. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, त्याला विकायचं होतं. सुनेला ठेवायचं होतं, कारण तिला ते घालायला आवडलं. तिघांनी बसून ठरवलं आणि शेवटी विकलं. नऊ हजार आले. घेणारा बेंगळुरूचा तरुण, त्याने कागदासकट घेतलं. काकूंनी त्याला कुकरची गोष्ट फोनवर सांगितली म्हणे. पैशांचं त्यांनी काय केलं ते आम्ही विचारलं नाही. हा निर्णय बरोबर की चूक, यावरही आमच्या टेबलावर दोन मतं आहेत. कारागीर म्हणतो, कपाटात गंजण्यापेक्षा हातावर गेलं. संग्राहक, तोच आमचा रुसलेला, म्हणतो, “सुनेच्या हाती द्यायला हवं होतं.” ज्याला ते विकत हवं होतं तोच हे म्हणतो, याची आम्हांला गंमत वाटते.

शेवटचं, आणि हे आज रात्री घरी गेल्यावर करण्यासारखं. न वापरलेलं क्वार्ट्झ घड्याळ घरात असेल तर त्यातला सेल काढून घ्या. मेलेला सेल आत राहिला की पाझरणार, आज ना उद्या. नवा घालताना चांदीच्या ऑक्साइडचा घाला. त्याच्या नावाची सुरुवात एसआरने होते. दिसायला तस्साच पण एलआरने सुरू होणारा स्वस्त सेल दुकानदार देतो, तो लवकर उतरतो आणि लवकर पाझरतो. ७ए२८ ला एसआर९३६एसडब्ल्यू लागतो, त्यालाच ३९४ असंही म्हणतात. चिठ्ठीवर लिहून न्या. आणि काढलेले सेल वाटीत, देवघराच्या फळीवर, उशाशी ठेवू नका. लहान मुलाने असला बटणासारखा सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांतच भाजते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखान्यात न्यायचं. काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून बाटलीत बंद करा आणि पुढच्या रविवारी आमच्याकडे आणून द्या. टेबलाखाली त्यासाठी बरणी ठेवली आहे.